उभ्या गाडीतून काय उडतं

आरतीचं तबक देवस्थळी सरांच्या हातात होतं आणि मी पदर खोचून पुढे सरकले होते. तेवढ्यात सर म्हणाले, "यंदा ऋजुताला ओवाळू दे. नव्या माणसाच्या हातून होऊ दे पूजा."

पुढे सरकलेल्या माणसानं मागे कसं यायचं, हे ज्याच्यावर वेळ आलीय त्यालाच कळेल. मी गाडीच्या बॉनेटवरची झेंडूची माळ सरळ केली, जणू तेवढ्यासाठीच पुढे आले होते. ऋजुता ओगलेनं तबक घेतलं आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, "हेमांगीताई, आधी कुंकू की आधी अक्षता?"

"कुंकू," मी म्हणाले, आणि माळ पुन्हा एकदा सरळ केली.

खंडेनवमीला आमच्या प्रयोगशाळेत पान्ह्यांपासून पंपांपर्यंत सगळ्यांना टिळा लागायचा. मधोमध उभी असायची म्हातारी. म्हातारी म्हणजे बारामतीच्या एका डॉक्टरांकडून प्रयोगांसाठी विकत घेतलेली जुनी पांढरी गाडी. मी नोकरीला लागल्यापासून गाडीला ओवाळायचं काम माझ्याकडे होतं. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण घरात काही गोष्टी ठरून गेलेल्या असतात तसं ते ठरून गेलं होतं. त्या दिवशी मी मुद्दाम अबोलीचा गजरा माळून आले होते. अबोलीचाच, कारण अबोलीला वास नसतो.

हे वासाचं प्रकरण आधी सांगायला हवं. चालत्या गाडीचा धूर सगळ्यांना दिसतो. पण बंद करून उभी केलेली गाडीसुद्धा गुपचूप पेट्रोल सोडत असते. टाकीतून, नळ्यांतून, सांध्यांतून त्याची वाफ होऊन उडत राहते. उन्हात दिवसभर उभ्या राहिलेल्या गाडीतून असं किती उडतं, ते मोजायचं हे आमचं काम. त्यासाठी स्टीलच्या भिंतींचं एक चेंबर होतं, गाडी मावेल एवढं. गाडी आत ढकलायची, दार हवाबंद करायचं, आणि आतली हवा दिवस चढतो-उतरतो तशी हळूहळू तापवायची आणि निववायची. दुसऱ्या दिवशी मीटर सांगायचं, एवढे एवढे ग्रॅम. दोन ग्रॅमच्या आत आलं तर गाडी पास.

मीटर भलतं काटेकोर होतं, पण त्याला अक्कल नव्हती. हवेत जे काही जळण्यासारखं असेल ते सगळं ते मोजायचं. पेट्रोलची वाफ कुठली आणि डोक्याचं तेल कुठलं, हे त्याला कळत नव्हतं. म्हणून चेंबरच्या माणसांना तेल बंद, अत्तर बंद, नेलपॉलिश बंद, डब्यात संत्रंसुद्धा बंद. माझ्या घराच्या फाटकापाशी सोनचाफ्याचं झाड आहे. ते फुलायचं तेव्हा शेजारणी माळून मिरवायच्या आणि मी कामाच्या दिवशी एक फूल केसांत घालू शकत नव्हते. त्याची मला कधी खंत वाटली नाही, कारण चेंबर माझं होतं. निदान ऋजुता येईपर्यंत तरी मी तसं धरून चालले होते.

ती परदेशातून शिकून आली होती, माझ्याहून दहा वर्षांनी लहान होती, आणि कुणाशीही पहिल्या पाच मिनिटांत ओळख करून घ्यायची. यातलं काहीही गुन्हा नव्हे. पण मी संगमनेरची. माझे वडील साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत नोकरीला होते. मळीचा आणि अल्कोहोलचा वास माझ्या शाळेच्या गणवेशाला यायचा आणि मुली नाक धरायच्या. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळायचं धोरण आलं, तेव्हा मला वाटलं की हा विषय माझी वाट पाहत थांबला होता. मिश्रणामुळे उभ्या गाडीतून जास्त वाफ उडते का, याची पहिली चाचणी आमच्याकडे मीच केली. निष्कर्ष काढला, फरक नगण्य. तो अहवाल सगळ्यांनी वाखाणला.

आणि ऋजुतानं तो चहाच्या टेबलावर उघडला.

"हेमांगीताई, एक विचारू? अल्कोहोलवालं पेट्रोल भरल्यावर गाडी किती दिवस तशीच ठेवली होती?"

"दिवस कशाला? भरलं, नियमाप्रमाणे रात्रभर उभी केली, चाचणी घेतली."

"नाही, म्हणजे नळ्या रबराच्या आहेत ना. रबरात ते मुरायला वेळ लागत असेल. लोणच्यासारखा."

देवस्थळी सरांनी कप खाली ठेवला आणि ते खो खो हसले. "लोणच्यासारखा! वा. हे कुणाला तरी आधीच सुचायला हवं होतं."

तो 'कुणीतरी' टेबलाच्या या बाजूला बसला होता. मी बिस्कीट चहात बुडवलं ते बुडवूनच ठेवलं, शेवटी त्याचा लगदा झाला.

म्हातारी ऋजुताला मिळाली. तिनं बेत नीट आखला होता, हे मला तेव्हाही कबूल करावं लागलं, मनातल्या मनात. एक साधं पेट्रोल आणि एक दहा टक्के अल्कोहोल मिसळलेलं, अशी दोन पेट्रोलं तिनं बनवून घेतली. दोन्ही उडायला सारखीच उतावळी असतील अशा बेतानं बनवून घेतली, म्हणजे फरक पडलाच तर तो अल्कोहोल नळीत मुरल्यामुळेच असणार. नवरात्राच्या आधी साध्या पेट्रोलची चाचणी झाली. आकडा दोनच्या चांगला खाली आला. मग टाकी रिकामी करून मिश्रण भरलं आणि गाडी मुरायला ठेवून दिली. ती मुरत असतानाच खंडेनवमी आली आणि मी सांगितलेली ती पूजा झाली.

पूजेनंतर पेढे वाटले जात होते तेव्हा मी माझ्या टेबलाशी जाऊन बसले. मोझे पेढा घेऊन आले. मोझे आमचे मेकॅनिक, लोहगावचे, चेंबर सुरू झाल्यापासूनचे. "मॅडम, तोंड गोड करा," म्हणाले.

"डोकं दुखतंय."

"पेढ्यानं डोकं दुखत नाय कुणाचं," ते म्हणाले आणि पेढा ठेवून गेले.

दिवाळीनंतर म्हातारी चेंबरमध्ये गेली. दुसऱ्या दिवशी आकडा आला तो दोनच्या वर, बराच वर. साध्या पेट्रोलवर पास झालेली गाडी मुरलेल्या मिश्रणावर सपशेल नापास. सर कॉरिडॉरमधूनच ओरडत आले. असं ओरडताना मी त्यांना माझ्यासाठी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या अहवालाच्या वेळी ते म्हणाले होते, "ठीक. स्वच्छ काम." ऋजुतासाठी त्यांनी बाहेरून वडापाव मागवले.

एक सांगायचं राहिलं. मार्चमध्ये सर निवृत्त होणार होते आणि चेंबर कुणाच्या तरी हाती देऊन जाणार होते. ते दोघींपैकी एकीला मिळणार, हे शिपायालाही ठाऊक होतं. डिसेंबरात बाहेरच्या तज्ज्ञांची समिती यायची होती. सरांनी मला खोलीत बोलावून सरळ सांगितलं, "हेमांगी, आडपडदा ठेवत नाही. समितीनं हा निष्कर्ष मानला तर चेंबर ऋजुताकडे जाईल. नाही मानला तर ज्येष्ठतेनं तुझ्याकडे. पण त्याआधी दुसऱ्या कुणीतरी सगळं पहिल्यापासून तपासायला हवं. ते तू कर."

"मी?"

"तू."

खोलीबाहेर आले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. सरांनाच शंका आहे, मी मनाशी म्हटलं. नाहीतर ते मला कशाला सांगतील?

मी तपासायला बसले ती सासूनं सुनेचा स्वयंपाक तपासावा तशी. ऋजुतानं प्रत्येक आकडा कुठून आणला, कशानं भागला, सगळं पुन्हा केलं. काही सापडेना. मग चेंबरच गळकं असेल म्हणून मोजून ठेवलेला प्रोपेन वायू आत सोडला आणि मीटर तेवढाच परत देतं का पाहिलं. तेवढाच दिला. रिकामं चेंबर बंद करून मोजलं, ते स्वच्छ निघालं. चाचणीच्या दिवशी ऋजुताच्या नखांना रंग होता का, असंही मी मोझ्यांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. तेव्हा मलाच माझी लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

तिचा स्वभाव असा की ती रोज येऊन विचारायची, "काही सापडलं, हेमांगीताई?" अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तसं. मी म्हणायचे, "बघतेय." ती म्हणायची, "बघा बघा," आणि जायची. ती गेली की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एवढी निर्धास्त कशी राहू शकते ही? मी तिच्या जागी असते तर मला अन्न गोड लागलं नसतं.

शेवटी म्हातारीच उरली. मी मोझ्यांना म्हटलं, "सगळी गाडी रिकामी करा. सीट काढा, मॅट काढा, डिकी उघडा."

मोझ्यांनी डिकीतलं जादा चाक उचललं आणि ते तसेच वाकून राहिले. "मॅडम, ह्ये बघा काय."

चाकाच्या खळग्यात प्लास्टिकची एक पिशवी होती, तोंडाला घट्ट दोरा बांधलेली. आत एक सुपारी, कोमेजलेलं झेंडूचं फूल आणि कापराची पुडी होती. मी पिशवी नाकाशी नेली. गाठ पक्की होती, तरी कापराचा वास बाहेर येत होता.

मला काय झालं ते सांगते. आनंद झाला. लेकराचा ताप उतरल्यावर होतो तसला नाही, शेजारणीच्या कुकरची शिट्टी उडाल्यावर होतो तसला. कापूर उडतो, आणि मीटर तो पेट्रोल म्हणून मोजतं. साध्या पेट्रोलची चाचणी पूजेच्या आधी झाली होती आणि मिश्रणाची नंतर. कापूर फक्त दुसरीत होता. परदेशात शिकली, पण मुरवायचं मुरवायचं करत पूजेचा कापूर गाडीत विसरली. आणि आपल्या हातानं ओवाळून. मला दिलं असतं तबक, तर असं झालं असतं का?

पिशवी घेऊन मी सरळ सरांच्या खोलीत गेले. ऋजुता तिथेच बसली होती, हे तर फारच उत्तम झालं. मी पिशवी टेबलावर ठेवली.

"म्हातारीच्या डिकीत सापडली. कापूर आहे. ऋजुता, पूजेचं सामान गाडीत ठेवत नाहीत, हे मी तुला सांगायला हवं होतं. माझ्या वेळी असं कधी झालं नाही."

ऋजुता पिशवीकडे बघत राहिली. बोलले ते सर, आणि त्यांचा चेहरा पडला होता.

"ती मी ठेवली," ते म्हणाले.

"तुम्ही?"

"जुनी गाडी, मोठा प्रयोग. म्हटलं दृष्ट नको लागायला. आणि मी ती घट्ट बांधली होती, हेमांगी. प्लास्टिकच्या पिशवीत."

आमच्या डब्यातली संत्री पकडणारा हा माणूस. मला हसू यायला हवं होतं. ऋजुता मात्र पिशवी हातात घेऊन वास घेत म्हणाली, "पिशवीतूनही जातो तो, सर. नळीतून अल्कोहोल जातं तसाच."

सरांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता दुसरं काय करणार? समितीला दोन ओळी लिही. चाचणीची गाडी दूषित झाली, निष्कर्ष काढता येत नाही. पुढच्या वर्षी बघतील. खरं तेच लिहायचंय."

पुढच्या वर्षी सर नसणार होते आणि चेंबर माझं असणार होतं. त्यासाठी मला दोन खऱ्या ओळी लिहायच्या होत्या, बस. मी ऋजुताकडे पाहिलं. तिचं नाक लाल झालं होतं, पण आवाज सरळ होता. "हेमांगीताई ठरवतील," ती म्हणाली आणि खोलीतून गेली.

मी लिहायला बसले. पहिली ओळ लिहिली आणि दुसरीवर अडले. निष्कर्ष काढता येत नाही. म्हणजे ऋजुता चुकली, असं ह्यात कुठेच नव्हतं. उलट बिचारीचं सगळं बरोबर होतं, कापरानं घात केला, असं लोक म्हणणार. सर हळहळणार, पुन्हा वडापाव मागवणार. मी चेंबरची प्रमुख होणार, आणि जन्मभर येणारा जाणारा म्हणणार की तो कापूर नसता तर ओगले बाई तिथे बसली असती. तिचं कौतुक मी कसंबसं गिळलं होतं. तिची कीव मला गिळता येईना. मला ती नुसती थांबायला नको होती, ती चुकायला हवी होती. नळ्यांमधून काही येत नाही, लोणचं नाही की काही नाही, हे मला पांढऱ्यावर काळं करून हवं होतं.

ओळ खोडली आणि मोझ्यांना हाक मारली.

गाडी आम्ही दारं, डिकी सगळं उघडं टाकून उन्हात ठेवली, रोज पुसून काढली, डिकीतलं कापड फाडून फेकून दिलं. टाकीतलं मिश्रण तेच ठेवलं. मग चाचणी घेतली. आकडा थोडा उतरला, तेवढा कापराचा होता. पण अजून दोनच्या वरच होता.

"राह्यला असंल कापूर कुठंतरी," मोझे माझी समजूत घालत म्हणाले.

तेच तर मला सिद्ध करायचं होतं. मी विचार केला, हा उरलेला आकडा कापराचा आहे की नळ्यांचा, हे वेगळं करायचं कसं? गाडी तीच, मिश्रण तेच, कापूर असलाच तर तोही तोच. बदलायच्या फक्त नळ्या. रबराच्या सगळ्या नळ्या काढायच्या आणि त्यांच्या जागी स्टीलच्या बसवायच्या. स्टीलमध्ये काही मुरत नाही. एवढं करूनही आकडा वरच राहिला, तर तो कापराचा, आणि ऋजुता चुकली. असली चाचणी आमच्याकडे पूर्वी कुणी केली नव्हती. ही मला सुचली याचा मला फार अभिमान वाटला.

मोझ्यांनी नळ्या वाकवून, जोडून, गळती तपासून बसवल्या. म्हातारी आत गेली. मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी पोचले.

आकडा खाली आला होता. साध्या पेट्रोलवर जेवढा होता, जवळजवळ तेवढाच.

मी खुर्चीत बसले. मोझे मागे उभे होते. त्यांनी आकडा वाचला, मग मला वाचलं. "म्हंजे नळ्याच हुत्या म्हणा की," ते म्हणाले.

"हो."

"ओगले मॅडमचं बराबर हुतं."

"हो, मोझे. एकदा कळलं."

ते चहा आणायला गेले. मी त्या यंत्रासमोर बसून रडले. हरल्यामुळे रडले, चांगुलपणामुळे नव्हे. मग तोंड धुतलं आणि तो कागद ऋजुताच्या टेबलावर नेऊन ठेवला. तिनं तो वाचला, परत वाचला. ती आभार मानेल आणि मला ते ऐकावे लागतील, याची मला धास्ती होती. तिनं मानले नाहीत. "सगळ्या नळ्या बदलल्यात? टाकीच्या तोंडाचीसुद्धा?" तिनं विचारलं.

"तीसुद्धा."

"मग झालं," ती म्हणाली.

समिती आली. ऋजुता छान बोलली, नेहमीसारखी. सरांनी कापराची कबुली स्वतः दिली आणि सगळे हसले. मग अध्यक्षांनी विचारलं, "ही स्टीलच्या नळ्यांची कल्पना कुणाची?"

"हेमांगी दातीर यांची," ऋजुता म्हणाली.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "बाई, ही एक चाचणी नसती तर आम्ही बाकीचं काही मानलं नसतं." सगळ्यांनी माझ्याकडे पाहून माना डोलावल्या. मी हसले. माझ्याच हातानं मी चेंबर तिला ओवाळून दिलं होतं आणि लोक माझं अभिनंदन करत होते.

त्या संध्याकाळी म्हातारी अंगणात उभी होती, तिच्या बॉनेटला टेकून ऋजुता उभी होती. मी पार्किंगकडे निघाले होते. तिला टाळून जाता आलं असतं. पण एक गोष्ट मला पोखरत होती.

"ऋजुता, सरांना तुझ्या कामाबद्दल शंका होती का? म्हणून त्यांनी मला तपासायला सांगितलं?"

"नाही. सर शेजारच्या विभागातल्या काळ्यांना सांगणार होते. मी म्हटलं, काळे नकोत, हेमांगीताई द्या."

"तू माझं नाव मागितलंस?"

"हो."

"का?"

तिनं जरा विचार केला. गोड बोलावं की खरं, एवढाच विचार असावा. "काळ्यांना मी आवडते. त्यांनी चार आकडे बघून सही केली असती आणि समितीनं माझी चाळण केली असती. तुम्हाला मी डोळ्यांसमोर नको असते. म्हटलं, ह्यांच्या हातून सुटलं तर ते कुणाच्याच हातात सापडणार नाही."

"तुला कुणी सांगितलं, मला तू नकोशी आहेस म्हणून?"

"सांगायला कशाला हवं? खंडेनवमीला तुम्ही ती माळ सरळच करत होतात. ती वाकडी नव्हतीच मुळी."

मी म्हटलं, "आणि कापूर सापडल्यावर मी तिथेच थांबले असते तर? त्या दोन ओळी लिहून टाकल्या असत्या तर?"

"तर मी संपलेच होते. तीन दिवस जेवण गेलं नाही मला. पण वाटत होतं, तुम्ही नाही थांबणार."

"का?"

"मी नसते थांबले. तुमच्या जागी."

ती ते ज्या आवाजात म्हणाली, तो आवाज माझ्या ओळखीचा होता. तो मी रोज माझ्या डोक्यात ऐकत होते. मी तिच्याकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच.

"ऋजुता, तुला मी आवडते का?"

"नाही," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून नाही. इथे कुठलाही आकडा आला की सगळे आधी तुमच्या तोंडाकडे बघतात. मी सांगितलेलासुद्धा. सर माझं कौतुक करतात आणि मग हळूच तुमच्याकडे बघतात, बरोबर आहे ना म्हणून. मोझे मला चहा देतात तो तुमचा देऊन झाल्यावर. वर्ष झालं, मी रोज ते बघतेय."

वडापावच्या दिवशी सर माझ्याकडे बघत होते, हे मला ठाऊकच नव्हतं. मी तेव्हा भिंतीकडे बघत होते.

मी गाडीला टेकले, तिच्या शेजारी. एवढं बरं मला त्या वर्षभरात वाटलं नव्हतं.

"मग माझा पुढचा अहवाल तूच तपास," मी म्हटलं.

"तपासणारच आहे. जुनाही काढलाय," ती म्हणाली.

मार्चमध्ये सर गेले आणि चेंबर ऋजुताकडे आलं. मला शेजारच्या विभागात पेट्रोलचे नमुने तपासायचं काम मिळालं. तिथे वासाचं बंधन नव्हतं. पावसाळ्याच्या तोंडाशी आमचा सोनचाफा फुलला, आणि एका सकाळी मी त्याची दोन फुलं केसांत माळून कामावर गेले. किती वर्षांनी. गेटवरच्या वॉचमननंसुद्धा मान वळवली. दुपारपर्यंत मी तो वास मिरवला. मग ऋजुताचा फोन आला.

"ताई, एक आकडा आलाय. मला जरा जास्तच आवडलाय, म्हणून तुम्ही बघा. येता?"

मी गेले. चेंबरच्या दाराशी तिनं हात आडवा धरला. "फुलं बाहेर," ती म्हणाली. तोच नियम, तोच हात आडवा धरण्याचा माझा ढंग, आणि माझ्याच दारात. जुनी असूया आलीच. ती येणारच होती, ती अजूनही येते.

मी दोन्ही फुलं काढून मोझ्यांच्या टेबलावर ठेवली आणि आत गेले. तासाभरात सापडलं. आकडा चुकला होता.